आडवी कडी

आमच्या दूध संघाच्या आवारात शिरलात की उजव्या हाताला सिमेंटचा लांबलचक ओटा लागतो. त्या ओट्यावर एकतीस वर्षं आमची ताई उभी राहिली. सकाळी साडेसहाला गाड्या लागायच्या, सभासदांचे कॅन उतरायचे. मी झाकण उघडायचे आणि तिच्या हातात द्यायचे. ती ते उलटं करून नाकाशी नेऊन एक श्वास घ्यायची आणि म्हणायची, "घे," नाहीतर "परत." बस्स, एवढंच. कॅनमध्ये दूध कोंडलेलं असतं, त्यामुळे जे काही बिघडलं असेल त्याचा वास आधी झाकणाला लागतो, हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. मिनिटाला सहा-सात कॅन उरकायची. परत गेलेल्या कॅनसमोर तक्त्यावर फुली मारायची, हे माझं काम. मला तिथं सगळे छोटी म्हणतात. बावन्न वर्षांची बाई मी, जिना चढताना गुडघे कुरकुरतात, तरी छोटीच. चालायचंच.

ताईचा राग कायम नाकाच्या शेंड्यावर. आणि असू दे ना! त्या नाकाच्या जिवावर संघाचं दूध चाललं होतं. पण एक लक्षात घ्या. सहकारी संघात ज्याचं दूध तुम्ही परत पाठवता तो नुसता दूध घालणारा नसतो, तो संघाचा मालक असतो. वार्षिक सभेत उठून तो तुमची खरडपट्टी काढू शकतो. एक म्हातारा सभासद तर दर महिन्याला ओट्यावर येऊन भांडायचा. "माझ्याच दुधाला बरा वास येतो तुला!" ताई म्हणायची, "तुमच्याच दुधाला येतो, त्याला मी काय करू?" आणि पुढचं झाकण मागायची. एवढं भांडून तो दुसऱ्या दिवशी पुन्हा दूध घेऊन यायचा, कारण ताई कुणाचीच भीड धरत नाही हे त्यालाही ठाऊक होतं.

मग ते झालं. एक दिवस मी एक झाकण उघडलं आणि फिनेलचा असा भपकारा आला की माझ्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं. कुणीतरी कॅन धुतला होता पण खळबळला नव्हता. मी झाकण ताईला दिलं. तिनं श्वास घेतला आणि म्हणाली, "घे."

मला वाटलं, चेष्टा करतेय. पण ताई ओट्यावर कधी चेष्टा करत नसे. मी तो कॅन पायानं हळूच बाजूला सारला आणि तक्त्यावर फुली मारली. संध्याकाळी घरी आले तर स्वयंपाकघरात धूर. पातेल्याचा कोळसा झालेला आणि ही बया शेजारीच खुर्चीवर पेपर वाचत बसलेली. नवरा गेल्यावर मी तिच्याकडेच राहायला आले होते. दोन खोल्या, दोघी बहिणी, तिनं लग्न केलंच नव्हतं. मी गॅस बंद केला आणि तिच्याकडे बघत राहिले.

"छोटे, मला काहीच येत नाही गं," ती म्हणाली. "महिनाभर कमी कमी होत गेला. आता साबणाचासुद्धा नाही."

"सर्दी असेल."

"सर्दी नाही."

"मग डॉक्टरकडे जाऊ या."

"तो काय करणार? नाक बदलून देणार?" मग तिचा आवाज खाली आला. "हे बाहेर फुटलं ना, तर आजवर मी परत पाठवलेला एकेक कॅन लोक उकरून काढतील. म्हणतील, बाईला तेव्हा तरी वास येत होता कशावरून? तुला माझी शपथ आहे. कुणाला सांगायचं नाही."

ताईला रडताना मी त्याआधी एकदाच पाहिलं होतं, आई गेली तेव्हा. मी शपथ घेतली. पुढची युक्ती मात्र माझी, ती कुणावर ढकलायची सोय नाही. कॅनच्या झाकणाला वर कडी असते. झाकण देता देता मीच वास घ्यायचा. दूध चांगलं असेल तर कडी सरळ तिच्या बाजूला करून द्यायची, बिघडलेलं असेल तर आडवी. आणि सभासदानं 'कसला वास?' विचारलंच तर तिला सांगता यावं म्हणून, बिघाड कसला ते काठावर बोटांनी दाखवायचं. एक बोट म्हणजे आंबूस, दोन म्हणजे पत्र्याचा, तीन म्हणजे धुराचा, चार म्हणजे ओल्या पोत्याचा, आणि पुढच्या वासांना दुसऱ्या हाताची बोटं. इतकी वर्षं तिच्या खांद्याला खांदा लावून उभी राहिल्यावर माझंही नाक तयार झालं होतं, फक्त मला आजवर कुणी विचारलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी एकही कॅन चुकला नाही. आठवड्याभरात दोघींना ते इतकं सवयीचं झालं की वास नक्की कोण घेतंय हे मीसुद्धा विसरायचे.

पाचेक महिन्यांनी विद्यापीठ आलं. म्हणजे अध्यक्ष एक जाडजूड फाईल काखोटीला मारून आले आणि सभेत म्हणाले, "विद्यापीठाच्या दुग्धशास्त्र विभागाशी आपला करार झालाय." तो भांडखोर म्हातारा लगेच उठला. "आमच्या दुधाला नावं ठेवायला आता प्रोफेसर आणणार काय?" सगळे हसले. विभागाच्या मॅडम तिथंच बसल्या होत्या. बारीक चणीची बाई, केस पांढरे होऊ लागलेले, पायात कॅनव्हासचे बूट. त्या उठून म्हणाल्या, "नावं तुमच्या ताईंनी ठेवलीत. आम्ही फक्त लिहून घ्यायला आलोय." ती सभा त्यांनी तिथंच जिंकली.

खोटं कशाला बोलू, त्यांची कल्पना चांगलीच होती. विद्यापीठाकडे यंत्रं होती, प्रयोगशाळा होती, पण कॅनजवळ उभं राहून दूध ओळखणारं कुणी नव्हतं. आमच्या संघाकडे बहात्तर संकलन केंद्रं होती आणि ताई एकच. मॅडमना ताईचे शब्द हवे होते. ओल्या पोत्याचा, पत्र्याचा, दोरीचा, बंद खोलीचा. हे सगळे वास त्या प्रयोगशाळेत तपासणार, कशामुळे येतात ते शोधणार, आणि मग प्रत्येक केंद्रावरच्या माणसाला ते ओळखायला शिकवणार. म्हणजे बिघडलेलं दूध तिथल्या तिथं थांबेल, चांगल्यात मिसळणार नाही. तीन आठवडे त्या स्वतः ओट्यावर स्टूल टाकून बसल्या, ताईचा शब्दन् शब्द लिहून घेतला. बोटांची भाषा त्यांच्या नाकासमोर चालू होती. दिसली नाही. झाकण देताना बोटं कुठंतरी असणारच ना!

पुढं ठरलं, ताईची रीतसर चाचणी घ्यायची, म्हणजे तिचा शब्द प्रमाण मानता येईल. अध्यक्षांनी जाहीर करून टाकलं, "निकाल चांगला आला तर ताई निवृत्तीनंतरही शिकवायला राहतील." त्याच वर्षी ती निवृत्त होणार होती. ओट्याशिवाय ताई घरी बसून काय करणार होती, ते मला माहीत होतं आणि तिलाही.

मॅडमना चाचणी त्यांच्या विभागात घ्यायची होती. तिथं एक खोली असते म्हणे, छोटे छोटे कप्पे केलेले, दुधाचा रंग दिसू नये म्हणून लाल दिवा, आणि कप्प्यात माणूस एकटा. तिथं कडी फिरवणार कोण! पण ताईनं साफ सांगितलं, "मी ओट्यावरच करीन. आणि झाकण छोटीच देईल. ती देते तसं दुसऱ्या कुणाला जमत नाही."

मॅडमनी हातातली वही मिटली. मग म्हणाल्या, "बरोबर आहे तुमचं. काम जसं चालतं तसंच तपासायला हवं. तुमची पद्धत मोडून काही शिकायचं असेल तर आम्ही इथं आलो कशाला?" आणि त्यांनी आमच्यासाठी कडीच्या झाकणांचे अठ्ठेचाळीस छोटे डबे मागवले. इतकी भली बाई. त्या भलेपणामुळेच आमचं फावलं.

चाचणीच्या दिवशी आधी एक कागद भरायचा होता. ताईचा वाचायचा चष्मा घरी राहिला होता आणि ती नळावर हात धूत होती. मॅडमनी कागद माझ्याकडे दिला. "तुम्ही विचारून भरा ना." वय, किती वर्षं काम, दमा आहे का. सातवा प्रश्न होता, गेल्या वर्षभरात वास कमी झाल्यासारखा किंवा गेल्यासारखा वाटतो का? माझा हात तिथं थांबला. मॅडमनी वाकून पाहिलं आणि सहज म्हणाल्या, "त्याला कुणी हो म्हटलं तर आम्ही आमच्या मेडिकल कॉलेजला पाठवतो. वास जाण्यामागं काय काय असू शकतं, बघून घेतलेलं बरं."

मला त्यातलं "पाठवतो" एवढंच ऐकू आलं. ताईला ओट्यावरून हलवणार, घरी पाठवणार. मॅडम डब्यांकडे वळल्या आणि मी "नाही" लिहिलं. आठवा प्रश्न डोकेदुखीचा, तिथंही "नाही". नळापर्यंत वीस पावलं होती, ती काही मी चालले नाही. ताई पदराला हात पुसत आली, मी बोट ठेवलं तिथं तिनं सही केली.

अठ्ठेचाळीसपैकी सत्तेचाळीस. सगळे बरोबर आले तर संशय येईल म्हणून शेवटचा मी मुद्दाम चुकवला. मला माझ्या हुशारीचं केवढं कौतुक वाटलं सांगू! मॅडमनी ताईचे हात हातात घेतले, अध्यक्षांनी टाळ्या वाजवल्या, ओट्यावरचे सगळे जमा झाले. आणि मी झाकणं गोळा करत मनात म्हणत होते, हे सत्तेचाळीस माझे आहेत. थोडा हेवाही वाटला, लपवत नाही. त्या संध्याकाळी ताईनं निवडायला घेतलेली भाजी तशीच बाजूला सारली. मग म्हणाली, "छोटे, ती मॅडम चांगली आहे." मी म्हटलं, "हो." ती पुन्हा म्हणाली, "फार चांगली आहे गं." मला वाटलं, निकालाचा आनंद बोलतोय.

पुढची दीड वर्षं छान गेली, निदान मला तसं वाटलं. केंद्रांवरची माणसं दहा-दहाच्या गटानं शिकायला यायची. ताई शिकवायची, मी झाकणं द्यायचे, मॅडम आठवड्यातून दोनदा येऊन टिपणं करायच्या. ताईचं डोकं दुखायचं. मी म्हणायचे, चष्म्याचा नंबर बदलला असेल, आणि बाम चोळून द्यायचे. आणि ती मऊ झाली होती. तो म्हातारा भांडायला आला तरी नुसतं "बरं" म्हणायची. कधी कधी सकाळी पलंगाच्या कडेवर बसून राहायची, उठ म्हटलं की उठायची. लोक म्हणाले, ताई निवळली. मी म्हटलं, सुटले बाई, आयुष्यभर तिचा राग मीच झेलला होता. मला बरं वाटत होतं हो! आज ते आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते.

एक दिवस शिकाऊ लोक समोर उभे होते, मॅडमही होत्या. मी शिकवण्यासाठी ठेवलेलं आंबलेलं दूध उघडलं, कडी आडवी केली, एक बोट ठेवलं. ताई म्हणाली, "घे."

दुसरं दिलं. आडवी कडी, तीन बोटं. "घे."

शिकाऊ एकमेकांकडे बघायला लागले. मी तिसरं झाकण दिलं आणि तिच्या बोटांवर बोटं दाबली. तिनं ते नाकाशी नेलं आणि तशीच शांतपणे म्हणाली, "घे." माझं डोकंच फिरलं. इतक्या दिवसांची मेहनत, सगळ्यांसमोर शोभा! मी तिच्या कानाशी लागून दात-ओठ खात म्हटलं, "ताई, डोळे फुटले का तुझे? कडी बघ ना!"

तिनं मान वळवली. माझ्याकडे नाही, माझ्या शेजारच्या खांबाकडे. आणि हळूच विचारलं, "कडी कुठाय गं?"

मॅडमनी स्वतःच्या गाडीतून आम्हाला मेडिकल कॉलेजला नेलं. तपासण्या झाल्या. डॉक्टरांनी फिल्म उजेडावर लावली आणि कपाळामागं, नाकाच्या बरोबर वर, एक पांढरी गोलाई दाखवली. लिंबाएवढी. कॅन्सर नाही, म्हणाले, वर्षानुवर्षं हळूहळू वाढणारी गाठ आहे, काढता येईल, पण तिनं डोळ्यांच्या नसा दाबून टाकल्यात. स्वभाव शांत झाला तोही हिच्यामुळेच. मग त्यांनी पेन उचललं. "वास कधीपासून येत नाही?"

"वास येतो त्यांना," मॅडम म्हणाल्या. "माझ्याकडे चाचणी आहे. अठ्ठेचाळीसपैकी सत्तेचाळीस." त्यांनी फाईल उघडूनही दाखवली.

डॉक्टर कागदाकडे बघत राहिले, मग फिल्मकडे. "गाठ इथं असताना? कसं शक्य आहे?"

तेव्हा मी सांगितलं. कडी, बोटं, सगळं. शपथ मोडली.  माझं बोलून संपल्यावर त्यांनी फाईल मिटली आणि मांडीवर दोन्ही हातांनी धरून बसल्या. डॉक्टर लिहिता लिहिता म्हणाले, "या गाठीची पहिली खूण बहुतेक वेळा तीच असते. त्या चाचणीच्या वेळी आवळ्याएवढी असेल. तेव्हा काढली असती तर डोळे राहिले असते." ते रागावले नव्हते. रागावले असते तर बरं झालं असतं.

ऑपरेशन चांगलं झालं. ताई जगली, बोलायला लागली, हळूहळू तिचा तो राग पण थोडा थोडा परत आला. डोळे आले नाहीत. डाव्या डोळ्याला खिडकीचा उजेड तेवढा कळतो.

वार्षिक सभेत मी उभी राहिले आणि सगळ्यांसमोर सांगितलं. आता उकरून काढतील एकेक कॅन, या तयारीनं गेले होते.  मग तो भांडखोर म्हातारा उठला. "ताईंनी परत पाठवलेलं दूध मी घरी नेऊन हुंगायचो," म्हणाला. "पूर्वीचं सांगतोय. दर वेळी त्यांचंच बरोबर असायचं. भांडायचो, कारण भांडायला बरं वाटायचं." आणि खाली बसला. ज्या लोकांच्या भीतीनं ताईनं तोंड दाबून धरलं होतं, ती ही माणसं. मला तिथंच रडू फुटलं.

मॅडमनी जुना निकाल रद्द केला. मला त्यांच्या त्या लाल दिव्याच्या कप्प्यात एकटीला बसवलं आणि पुन्हा चाचणी घेतली. किती आले ते सांगायची इच्छा नाही. ओट्यावर आता मी उभी असते, झाकणं वजनकाट्यावरची बाई देते. विद्यापीठाचं पुस्तक निघालं, त्यात शब्द सगळे ताईचे आहेत. तो सात नंबरचा प्रश्न मात्र ना मी कधी काढला, ना मॅडमनी. कागद त्यांच्या फाईलमध्ये आहे, अक्षर माझं आहे, त्यांना कळलं नसेल असं नाही.

संध्याकाळी घरी आले की मी दोघींचा चहा करते. बशीत कप ठेवताना कान तिच्या बाजूला सरळ करते, म्हणजे तिला लगेच सापडतो. ती विचारते, आज किती परत? मी सांगते. कसला वास होता, तेही सांगते. परवा असंच सगळं विचारून झालं आणि ती एकदम म्हणाली, "छोटे, तुला एक सांगू? त्या चाचणीच्या दिवशी मी मनाशी ठरवलं होतं. मॅडमनी एकदा जरी विचारलं ना, की ताई, तुमचा वास ठीक आहे ना, तर सगळं सांगून टाकायचं. आपणहून बोलायचा धीर नव्हता. पण विचारल्यावर खोटं बोलले नसते मी. सारखी वाट बघत होते गं." आणि वर म्हणाली, "एवढी शिकलेली बाई. एकदा विचारू नये?"

मी गप्प बसू शकले असते. ऑपरेशननंतर वर्षभर बसलेच होते. पण माझ्यासमोर बसून ती त्या बाईला दोष देत होती, ते मला सहन होईना.

"विचारलं होतं, ताई," मी म्हटलं. "कागदावर होतं. तू नळावर होतीस. मी तुला न विचारताच 'नाही' लिहिलं."

 मला वाटत होतं, ओरडेल, कप फेकेल, माझी ताई होईल. तिचा हात बशीवरून चाचपडत गेला, कान सापडला. तिनं एका बोटानं तो हळूच फिरवला, आडवा केला, आणि कप माझ्याकडे सरकवला.

चहावर साय धरेपर्यंत मी तशीच बसून होते. मग कप उचलून आत नेला.